हत्तीपायाचा इतिहास : कृमीचा आणि माणसाचा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी हैदराबादेतील मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना इतिहास शिकविला. राजांच्या वंशावळी त्यांना मुखोद्गत होत्या. पण ज्यांच्या नावाने एकही शिलालेख कोरला गेला नाही, अशा माणसांचाही इतिहास असतो, हे ते वर्गात वारंवार सांगत. त्यांचे ते सांगणे प्रमाण मानून आजच्या व्याख्यानासाठी मी जरा वेगळा विषय निवडला आहे. तो आहे पायाच्या सुजेचा. आपण मराठीत ज्याला हत्तीपाय किंवा हत्तीरोग म्हणतो आणि आपले तेलुगू शेजारी ज्याला बोदकालु म्हणतात, त्या व्याधीचा हा इतिहास आहे.

मी वैद्य नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. या विषयाची कागदपत्रे वाचीत असता एक गोष्ट माझ्या मनात ठसत गेली. या रोगाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु तो बहुतांशी कृमीचा इतिहास आहे. कृमी कोणी पाहिला, डास कोणी चिरला, औषध कोणी शोधले, याच्या तारखा आपणांस मिळतात. तो सुजलेला पाय घेऊन जो माणूस चाळीस-चाळीस वर्षे जगला, त्याचा दिवस कसा उगवला आणि कसा मावळला, हे या इतिहासात क्वचितच सापडते. ही उणीव केवळ ग्रंथांतली नाही. ज्याची नोंद नाही त्याची सोयही नाही, असे आजवर घडत आले आहे, आणि आपण सावध राहिलो नाही तर पुढेही घडेल. एवढेच माझ्या व्याख्यानाचे सूत्र आहे.

प्रथम थोडे शरीराविषयी. रक्तवाहिन्यांतून पाझरणाऱ्या द्रवाचा काही भाग ऊतींमध्ये राहतो. तो गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या बारीक वाहिन्यांचे एक जाळे आपल्या शरीरात असते. त्या वाहिन्यांना लसिकावाहिन्या व त्यांतील द्रवाला लसिका म्हणतात. १६२२ मध्ये इटलीतील गास्पारे आसेली याने कुत्र्याच्या आतड्याजवळ अशा पांढऱ्या वाहिन्या प्रथम पाहिल्या, आणि १६५३ मध्ये डेन्मार्कच्या टोमास बार्तोलिन याने या वाहिन्यांना आज रूढ असलेले नाव दिले. रक्ताला हृदयाचा रेटा असतो, लसिकेला तसा कोणताच रेटा नसतो. वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन, त्यांतील झडपा आणि चालताना होणारी स्नायूंची हालचाल यांच्या बळावर ती खालून वर चढते. हा मार्ग बिघडला की पायात पाणी साचते. आरंभी रात्रभर पाय उंच ठेवला की सकाळी सूज उतरते. पुढे ती उतरत नाही. त्वचा जाड होते, तिला घड्या पडतात, तिच्यावर गाठी येतात, आणि पायाला तो आकार येतो ज्यावरून या रोगाला नाव मिळाले.

आपल्याकडे या रोगाची नोंद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आणि पुढे माधवनिदानात ‘श्लीपद’ या नावाने त्याचे वर्णन येते. त्यातील एक निरीक्षण मला विलक्षण वाटते. जेथे जुने पाणी फार साठून राहते आणि जो प्रदेश सर्व ऋतूंत गार असतो, तेथे श्लीपद विशेषेकरून होते, असे ग्रंथकार सांगतो. डासाचा संबंध त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. पण साचलेले पाणी आणि सुजलेला पाय एकाच गावात दिसतात, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. त्याच ठिकाणी दुसरेही एक विधान आहे. जे श्लीपद एक वर्षाहून जुने झाले, फार मोठे झाले, वारुळासारखे वर आले, ते वर्ज्य मानावे, म्हणजे त्याची चिकित्सा हाती घेऊ नये. असाध्य ते असाध्य म्हणून सांगणे यात वैद्याचा प्रामाणिकपणा होता, त्याला मी दोष देत नाही. परंतु ‘वर्ज्य’ हा शब्द आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढील शतकांत वैद्यक बदलले, राज्ये बदलली, तरी या शब्दाची सावली त्या रुग्णावरून हलली नाही.

आता सोळाव्या शतकातील गोव्याकडे वळू. यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून आला आणि सुमारे पाच वर्षे तेथे राहिला. मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये त्याने आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात संत तोमासाच्या कथेच्या ओघात तो अशा लोकांचे वर्णन करतो, ज्यांचा एक पाय गुडघ्याखाली हत्तीच्या पायासारखा जाड असतो आणि बाकीचे शरीर चारचौघांसारखे असते. त्या काळी लोकांत अशी समजूत होती की, ज्यांनी संत तोमासाला ठार मारले त्यांचे हे वंशज असून पूर्वजांच्या पापाची खूण ते पायावर वागवीत आहेत. त्या समजुतीतूनच या व्याधीला युरोपीय लिखाणात ‘संत तोमासाचा पाय’ असे नाव पडले. पुढे कोचीनच्या बाजूला ती फार आढळते म्हणून ‘कोचीनचा पाय’ हेही नाव रूढ झाले.

या कथेकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कसे पाहावे? ती खरी की खोटी, हा प्रश्न येथे गौण आहे. तिच्यामुळे रुग्णाचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. ज्याचा पाय सुजला तो आजारी ठरला नाही, तो अपराधी ठरला. आणि अपराधही त्याचा स्वतःचा नाही, कुळाचा. आपल्याकडे ख्रिस्ती दंतकथा नव्हती म्हणून आपण निर्दोष, असे मात्र कोणी समजू नये. पूर्वजन्मीचे कर्म, घराण्याला लागलेला शाप, करणी, अशी कारणे आपल्याही गावांत सांगितली गेली आहेत. पाय सुजलेल्या बापाच्या मुलीचे लग्न जमताना आजही विचारपूस होते. हा रोग बापाकडून मुलीकडे रक्तसंबंधाने जात नाही. एका घरातील दोघांना तो होतो याचे कारण एवढेच की, त्या दोघांना एकाच गटाराचे डास चावतात.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक आला आणि चित्र पालटले. १८६३ मध्ये पॅरिसमध्ये देमार्के यांना अंडवृद्धीच्या द्रवात सूक्ष्म कृमी दिसले. १८६६ मध्ये ब्राझीलच्या बाहिया शहरात वूखेरर यांना तेच कृमी रुग्णाच्या दुधाळ मूत्रात सापडले. १८७२ मध्ये आपल्या कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी ते माणसाच्या रक्तात दाखवून दिले. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे जोसेफ बँक्रॉफ्ट यांना पूर्ण वाढलेला कृमी मिळाला. आज या कृमीच्या शास्त्रीय नावात वूखेरर व बँक्रॉफ्ट या दोघांचीही नावे जोडलेली आहेत. १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात कस्टम खात्याचे वैद्यकीय अधिकारी असलेले पॅट्रिक मॅन्सन यांनी, ज्याच्या रक्तात हे कृमी होते अशा आपल्या माळ्याला डासांकडून चाववून घेतले आणि त्या डासांच्या शरीरात कृमीची वाढ होते हे पाहिले. एखादा कीटक माणसाच्या रोगजंतूला आपल्या शरीरात वाढवितो, हे त्यापूर्वी कोणी सिद्ध केलेले नव्हते.

या शोधाचा धागा आपल्या शहरापर्यंत येतो. डासाविषयीची ही कल्पना मॅन्सन यांनी पुढे हिवतापाला लावली आणि ती तपासून पाहण्याचा ध्यास रोनाल्ड रॉस यांना लावला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत बेगमपेठेजवळ रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला. त्या इमारतीवरून आपण नेहमी जातो आणि हिवतापाची आठवण काढतो. पण त्या शोधाच्या मुळाशी हत्तीपायाचा डास होता, हे फार थोड्यांना माहीत असते. विशेष म्हणजे, डास पाण्यात मरून पडतो आणि ते पाणी प्याल्याने कृमी माणसात शिरतो, अशीच मॅन्सन यांची दीर्घकाळ समजूत होती. १९०० मध्ये जॉर्ज लो यांनी डासाच्या सोंडेत कृमीच्या अळ्या दाखविल्या, तेव्हा चावण्यातूनच रोग पसरतो हे निश्चित झाले.

माळ्याचा उल्लेख आला म्हणून थोडे थांबतो. मॅन्सन यांच्या चरित्राला ग्रंथ अपुरे पडतात. त्या माळ्याचे पुढे काय झाले, याची चौकशी कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. शास्त्राला त्याचे रक्त हवे होते आणि ते मिळाले. कृमीचा इतिहास आणि माणसाचा इतिहास येथून वेगळ्या वाटांनी जाऊ लागले.

विसाव्या शतकातील औषधाची कथा आपल्या तेलुगू बांधवांना अभिमानास्पद आहे. भीमवरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील बेटांवर उतरलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांना या कृमीची बाधा झाली, आणि त्यामुळे औषधाच्या शोधाला वेग आला. १९४७ मध्ये लेडर्लेमधील संशोधकांनी डायइथाइलकार्बामाझिन या औषधाचा गुण जगापुढे मांडला. त्या संशोधनात सुब्बारावांचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, ते निवर्तले. हे औषध आजही डीईसी या नावाने कोट्यवधी भारतीयांच्या हातावर ठेवले जाते.

स्वतंत्र भारताने १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. आरंभी लागोपाठ पाच दिवस सर्वांना डीईसी देण्याचा प्रयत्न झाला. ज्यांच्या रक्तात कृमी अधिक, त्यांना गोळी घेतल्यावर ताप येई, अंग मोडून येई. ज्याला काहीच होत नव्हते अशा माणसाला औषध घेतल्यावर आजारी पडल्यासारखे वाटे. साहजिकच लोक गोळ्या नाकारू लागले. मग शहरांतील डासांच्या अळ्यांवर औषध फवारणे आणि रात्री रक्त तपासून कृमी सापडलेल्यांना उपचार देणे, यांवर भर राहिला. रात्री अशासाठी, की आपल्याकडील हा कृमी दिवसा फुप्फुसाच्या सूक्ष्म वाहिन्यांत दडून बसतो आणि डासाच्या चावण्याच्या वेळेला बाहेरच्या रक्तात येतो. दरम्यान शहरे वाढली. घरोघर नळ आले, पण सांडपाण्याला वाट झाली नाही. आपल्याकडे हा रोग पसरविणारा क्यूलेक्स डास अशाच घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. सुश्रुताने सांगितलेले ‘जुने पाणी’ आपण स्वतः दारात आणून ठेवले.

आता एक कळीचा मुद्दा सांगतो. कृमी मारणारे औषध कृमीवर काम करते. सुजलेल्या पायाची बिघडलेली लसिकावाहिनी ते दुरुस्त करीत नाही. ज्याचा पाय वर्षानुवर्षे सुजलेला आहे, त्याच्या रक्तात बहुधा कृमी सापडतही नाहीत. ते केव्हाच मरून गेलेले असतात. मोहिमेच्या यशाचे माप मात्र रक्तातील कृमींचे प्रमाण हेच राहिले. याचा अर्थ असा की, ज्या माणसाला पाहून या रोगाला नाव मिळाले, तोच माणूस मोहिमेच्या हिशेबाबाहेर राहिला. ग्रंथाने त्याला वर्ज्य म्हटले होते. कोष्टकाने तसे म्हटले नाही, पण केले तेच.

त्या माणसाचा दिवस कसा जातो, ते आता पाहू. सकाळी उठताना पाय हलका असतो, म्हणून कष्टाची कामे सकाळी उरकावी लागतात. दुपारनंतर पाय भरू लागतो. जिना चढताना जड पाय उचलून पायरीवर ठेवावा लागतो. गुडघा पूर्ण वाकत नाही, म्हणून देशी पद्धतीच्या शौचकूपावर बसणे ही रोजची शिक्षा होते. मांडी घालता येत नाही, म्हणून पंगतीत बसता येत नाही, पूजेला बसता येत नाही, भजनात मागे भिंतीशी पाय लांब करून बसावे लागते. आणि पाय लांब करून बसणे हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो. बसची पायरी उंच असते, मागून लोक ढकलतात. रेशनच्या रांगेत उभे राहिले की पाय ठणकू लागतो. बाजारात एकही चप्पल पायात शिरत नाही, म्हणून ज्याला पादत्राणाची सर्वांत अधिक गरज तोच अनवाणी फिरतो.

स्त्रीच्या वाट्याला याहून अधिक येते. बोटे सुजली की जोडवी कापून काढावी लागतात, आणि सवाष्णीच्या पायात जोडवी नाहीत हे हळदीकुंकवाला आलेल्या दहाजणींच्या डोळ्यांत भरते. पाय झाकण्यासाठी ती लुगडे घोट्याखाली नेसते. ते ओल्या जमिनीवर लोळते, ओले राहते, आणि त्या ओलीने बोटांच्या बेचकीत चिखल्या होतात. लपविण्याच्या धडपडीतून दुखणे वाढते. घरात नवी सून आली की तिचे कुंकवाचे पाऊल आपण कौतुकाने उमटवून घेतो. ज्या संस्कृतीत पावलाला लक्ष्मी म्हणतात, तेथे विद्रूप पावलाला घरात कोठे जागा मिळत असेल, याची कल्पना आपणच करावी.

शिवाय अधूनमधून तापाचा झटका येतो. थंडी वाजून सडकून ताप भरतो, पाय लालभडक होतो, जांघेत अवधाण येते, माणूस चार-सहा दिवस अंथरुणाला खिळतो. रोजंदारीवरच्या माणसाचा आठवडा बुडतो. आणि प्रत्येक झटक्यागणिक पाय थोडा अधिक सुजतो, तो पूर्वपदावर येत नाही.

नलगोंडा जिल्ह्यात माझे काही वर्षे जाणे-येणे असे. तो जिल्हा या रोगाचा जुना बळी आहे आणि विणकरांचा जुना मुलूखही आहे. तेथील एका वयस्क विणकराचा खड्डामाग मी पाहिला आहे. खड्डामागावर विणकर जमिनीलगत बसतो, त्याचे पाय खाली खड्ड्यात लोंबते असतात आणि तळाशी असलेल्या पावड्या पायांनी दाबीत तो विणतो. ज्या पायाला उंच ठेवण्याची गरज, तो दिवसभर खाली लोंबत असे. त्याने मला सांगितले होते की, दोन्ही पायांनी मिळून करावयाचे काम तो आता एका पायाने करतो, म्हणून कापड उशिरा उतरते आणि सावकार वाट पाहत नाही. नलगोंडा-करीमनगरकडील पद्मशाली विणकर पोटासाठी सोलापूर आणि भिवंडीपर्यंत गेले, हे आपणांस ठाऊक आहेच. सोलापूर जिल्हाही हत्तीरोगाच्या नकाशावर आहे.

त्या विणकराच्या बोलण्याला शास्त्रीय आधार आहे. दक्षिण भारतातील एका गावातल्या पुरुष विणकरांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. हत्तीरोग असलेल्या विणकरांचे उत्पादन निरोगी विणकरांच्या मानाने एक चतुर्थांशाहून अधिक कमी भरले. पुढे २००० मध्ये पाँडिचेरीच्या डास नियंत्रण संशोधन केंद्रातील के. डी. रामय्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी, भारताचे या रोगापायी उपचारात आणि बुडालेल्या श्रमात मिळून वर्षाला ८० कोटी डॉलरांहून अधिक नुकसान होते, असा हिशेब मांडला. ‘हा रोग मारत नाही’ असे म्हणून ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दुर्लक्ष झाले, त्याचा हा ताळेबंद आहे. पायावर उभे राहणे याला मराठीत जो अर्थ आहे, तो येथे अक्षरशः घ्यावा लागतो.

आता या इतिहासातील आशेचे पान. १९९० च्या दशकात ब्राझीलच्या रेसिफे शहरात जेरुसा ड्रायर या डॉक्टर बाईंनी रुग्णांच्या तापाच्या झटक्यांचा बारकाईने अभ्यास केला. हे झटके कृमीमुळे येतात, अशी तोवरची सर्वसाधारण समजूत होती. त्यांना दिसले ते असे की, पाय सुजलेल्या रुग्णांचे बहुतेक झटके साध्या जिवाणूंमुळे येतात. हे जिवाणू बोटांच्या बेचकीतील चिरांतून, भेगांतून, जखमांतून आत शिरतात. लसिकेचा प्रवाह मंद असल्यामुळे शरीर त्यांना हुसकावू शकत नाही. मग उपाय ओघानेच आला. रोज साबण आणि स्वच्छ पाण्याने पाय धुवावा, बोटांच्या फटी कोरड्या कराव्यात, चिखल्यांवर मलम लावावे, बसताना-झोपताना पाय उंच ठेवावा, घोट्याचे व्यायाम करावेत, सैल पादत्राण वापरावे. रुग्णांनी एकत्र यावे, एकमेकांना शिकवावे, म्हणून त्यांनी ‘होप क्लब’ काढले.

याच सुमारास केरळात आलप्पुळा येथे आर. के. शेणॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. रुग्णांचे गट पाडून काहींना डीईसी, काहींना आयव्हरमेक्टिन आणि काहींना नुसती औषधविरहित गोळी दिली. पायाची निगा मात्र सर्वांनाच शिकविली. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की झटके सर्वच गटांत कमी झाले आणि त्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. गुण गोळीचा नव्हता, धुतलेल्या पायाचा होता. उत्तर केरळातील कासरगोड येथे एस. आर. नरहरी यांच्या संस्थेने आधुनिक वैद्यक, आयुर्वेद आणि योग यांची सांगड घालून, पायाला पट्टे बांधून सूज उतरविण्याची पद्धत बसविली. ज्या आयुर्वेदाने जुने श्लीपद वर्ज्य म्हटले होते, त्याच परंपरेतील औषधी आता त्या जुन्या पायासाठी कामी येऊ लागली.

श्रोतेहो, मी या घटनेपाशी नेहमी थबकतो. साबण आणि पाणी मॅन्सनच्या काळीही होते. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नव्हता, महायुद्ध लागत नव्हते. तरीही १८७७ पासून सव्वाशे वर्षे जवळजवळ लोटली, तेव्हा कोठे हे साधे सत्य प्रयोगाने सिद्ध झाले. कारण तोवर संशोधनाची नजर रक्ताच्या थेंबावर होती. ती नजर खाली वळून पायाच्या बोटांच्या बेचकीत गेली, तेव्हा उत्तर सापडले.

१९९७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने या रोगाच्या निर्मूलनाचा ठराव केला आणि २००० मध्ये जागतिक मोहीम सुरू झाली. प्रसार थांबविणे आणि रुग्णांचे क्लेश कमी करणे, अशी तिची दोन अंगे आहेत. चीनने २००७ मध्ये, श्रीलंकेने २०१६ मध्ये, बांगलादेशाने २०२३ मध्ये आणि ड्रायर यांच्या ब्राझीलने २०२४ मध्ये निर्मूलनाचा टप्पा गाठला. भारतात २००४ पासून वर्षातून एकदा सामुदायिक औषधवाटप होऊ लागले. पण वाटलेली गोळी आणि गिळलेली गोळी यांत अंतर राहिले, म्हणून आता कार्यकर्त्याच्या समोरच गोळी घेण्याचा आग्रह धरला जातो. २०१८ च्या अखेरीस बिहारातील अरवल येथून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि लगोलग २०१९ मध्ये नागपुरातही ती वापरली गेली. निर्मूलनाची भारताची पहिली मुदत २०१५ होती. ती पुढे ढकलत आता २०२७ वर आली आहे.

ही मोहीम यशस्वी व्हावी असे मला मनापासून वाटते, आणि आपल्या घरी गोळ्या आल्या तर आपण त्या सांगितल्याप्रमाणे नक्की घ्याव्यात. परंतु उद्या प्रसार थांबला, तरी आज सुजलेले पाय सुजलेलेच राहणार आहेत. शासकीय आकड्यांप्रमाणे देशात असे सुमारे सहा लाख रुग्ण आहेत. निर्मूलनाचे प्रमाणपत्र मागताना, अशा रुग्णांची संख्या किती व त्यांच्या सेवेची सोय कोठे, हेही आता दाखवावे लागते. ही अट कागदावर पुरी होणार की गावात, यावर या इतिहासाचे पुढचे पान अवलंबून आहे. आपल्या तेलंगणात २०१८ मध्ये ‘आसरा’ योजनेत बोदकालूच्या रुग्णांचा समावेश होऊन त्यांना दरमहा १,००० रुपये निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि पुढील वर्षी ते २,०१६ रुपये झाले. रक्कम थोडी म्हणा. पण सुजलेल्या पायाची सरकारी वहीत स्वतंत्र नोंद झाली, याचे मोल इतिहासाच्या विद्यार्थ्याला कळते.

आणखी एक गोष्ट सुशिक्षित श्रोत्यांसमोर सांगणे अगत्याचे आहे. हत्तीपाय हा खेड्यातील गरिबांचा रोग, असे समजून आपण निश्चिंत राहू नये. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत जांघेतील किंवा ओटीपोटातील लसिकाग्रंथी काढल्या, अथवा त्यांवर किरणोपचार झाले, तर कृमीशिवायही पाय असाच सुजतो. कर्करोगातून बऱ्या झालेल्या कित्येक भगिनी ही सूज मुकाट्याने वागवीत असतात, कारण जीव वाचला असता पायाची तक्रार कशी करावी, असा संकोच त्यांना वाटतो. त्यांनीही ती डॉक्टरांना सांगावी. धुणे, कोरडे करणे, उंच ठेवणे, व्यायाम आणि योग्य पट्टा, ही निगा त्यांच्याही उपयोगाची आहे.

आपल्या शाळेचे विद्यार्थी आज डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, नगरपालिकेत आहेत, शाळांत शिकवीत आहेत. त्यांच्याकडे माझे मागणे फार मोठे नाही. अभियंत्याने उघड्या गटाराकडे रोगाचे उगमस्थान म्हणून पाहावे. शिक्षकाने वर्गात सांगावे की हा शाप नाही आणि तो वंशाने येत नाही. डॉक्टरने अशा रुग्णाला ‘याला इलाज नाही’ असे म्हणून परत पाठवू नये. त्याला खाली वाकून पाय कसा धुवावा ते दाखवावे. आपल्याकडे अतिथीचे पाय धुण्याची रीत होती. या रुग्णांच्या बाबतीत ती रीत हाच उपचार आहे.